परराष्ट्र धोरणात समन्यायाला जागा आहे का? मराठवाड्यातून विचारलेला प्रश्न

कोरडवाहू (लातूर)

२०१७ च्या फेब्रुवारीत वडील आणि मी तुरीची ३२ पोती घेऊन तालुक्याच्या खरेदी केंद्रावर गेलो, तेव्हा तिथला बारदाना संपला होता. बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये होता आणि मोंढ्यात त्याहून बऱ्याच कमी दराने सौदे होत होते. चार रात्री आम्ही ट्रॅक्टरखाली काढल्या. पाचव्या दिवशी वडिलांनी निम्मा माल मोंढ्यात घातला, कारण आडत्याची उचल फेडायची होती. त्या वेळी मी सगळा दोष केंद्रावरच्या व्यवस्थेला दिला. पुढे स्पर्धा परीक्षेसाठी आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करताना वाचनात आले की आमच्या शिवारात ती तूर नुकतीच उगवून आली होती त्याच सुमारास, म्हणजे ७ जुलै २०१६ रोजी, पंतप्रधानांच्या मापुतो भेटीत भारत आणि मोझांबिक यांच्यात डाळींच्या खरेदीचा सामंजस्य करार झाला होता. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत २ लाख टन, असे त्याचे स्वरूप होते.

त्या वर्षी भाव पडण्याचे मुख्य कारण देशभरात आलेले विक्रमी पीक हे होते, आणि आदल्या वर्षी तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेल्यामुळे शहरांतल्या गरिबांसाठी सरकारला काहीतरी करणे भागच होते, हे मला मान्य आहे. म्हणून करार चुकीचा होता असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. तो करार करताना कोरडवाहू शेतकऱ्यावर त्याचा काय परिणाम होईल, हे कागदावर मांडण्याची सक्ती कोणावर होती का?

‘समन्याय’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण मराठवाड्यात तो पुस्तकातून आलेला नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी पाणीवाटपाची तरतूद आली, आणि त्या आधाराने जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र ठरले. सर्वांना सारखे पाणी द्यावे असे ते सूत्र सांगत नाही. कोणाकडे किती तूट आहे ते आधी मोजा आणि मग वाटप करा, असे सांगते. त्यावर न्यायालयात वर्षानुवर्षे भांडण झाले, तरी कलम कायद्यात असल्यामुळे आपल्याला पाय रोवून उभे राहता आले.

परराष्ट्र धोरणात असा प्रयत्न कोणी केला आहे का, हे शोधताना अमेरिकेचे उदाहरण सापडले. २० जानेवारी २०२१ रोजी, सत्तेवर आल्याच्या पहिल्याच दिवशी, जो बायडेन यांनी १३९८५ क्रमांकाचा कार्यकारी आदेश काढला. सरकारी सेवांपासून आणि संधींपासून वंचित राहिलेल्या समाजघटकांची त्यात व्याख्या होती. तिच्यात कृष्णवर्णीय, मूलनिवासी, धार्मिक अल्पसंख्याक आणि अपंग व्यक्ती यांच्याबरोबर ग्रामीण भागातले रहिवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यात असलेले लोकही होते. हा आदेश परराष्ट्र खात्यालाही लागू होता. एप्रिल २०२२ मध्ये त्या खात्याने आपला कृती आराखडा प्रसिद्ध केला, जूनमध्ये वांशिक समन्यायासाठी विशेष प्रतिनिधी नेमला, आणि फेब्रुवारी २०२३ च्या दुसऱ्या आदेशाने असे आराखडे दर वर्षी करणे बंधनकारक झाले. २० जानेवारी २०२५ रोजी, बरोबर चार वर्षांनी, नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी हे दोन्ही आदेश रद्द केले. स्वीडनने २०१४ मध्ये जगात सर्वप्रथम स्त्रीवादी परराष्ट्र धोरण जाहीर केले होते. तेही २०२२ मध्ये सरकार बदलताच सोडून देण्यात आले.

जायकवाडीचे कलम टिकले आणि हे आदेश टिकले नाहीत, यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. परराष्ट्र धोरणाचा मराठवाड्यातल्या कोणत्या माणसाला प्रत्यक्ष स्पर्श झाला आणि त्या वेळी त्याच्या हातात कायद्याचा आधार होता का, हे आपण आपापल्या अनुभवातून लिहावे, अशी विनंती आहे.

मोंढा_जुना (लातूर)

कोरडवाहू दादा, आमच्या घरात तीन पिढ्यांची आडत आहे, त्यामुळे २०१७ चे ते दिवस दुसऱ्या बाजूने पाहिले आहेत. आपल्या मांडणीत एक माणूस राहून गेला आहे, त्याच्याविषयी लिहितो.

मोझांबिक, मलावी आणि टांझानिया या देशांत तूर पिकवणारा शेतकरी बहुतांशी लहान आहे, आणि त्याच्या तुरीचे मोठे गिऱ्हाईक भारतच आहे. २०१५-१६ मध्ये आपल्याकडच्या चढ्या भावाची बातमी तिथे पोहोचली आणि लोकांनी पेरा वाढवला. मग आपल्याकडे पीक अमाप आले आणि ५ ऑगस्ट २०१७ रोजी भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा कोटा करारामुळे त्या मर्यादेबाहेर राहिला, पण ज्यांच्याशी असा करार नव्हता त्या देशांतल्या शेतकऱ्यांची तूर मातीमोल झाली. पुढे २०२१ मध्ये मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा आणि म्यानमारशी १ लाख टन तूर व अडीच लाख टन उडीद यांचा करार झाला. समन्यायाची चर्चा करायची असेल तर तिथला बटईदार आणि आपला कोरडवाहू शेतकरी हे एकमेकांचे शत्रू नाहीत, हे आधी मान्य करावे लागेल. दोघांनाही पेरणीच्या वेळी माहीत नसते की काढणीच्या वेळी दिल्लीत काय ठरणार आहे.

बाहेरच्यांना एक बारीक गोष्ट कळत नाही. पूर्व आफ्रिकेतली तूर साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघते आणि जहाजाने आपल्या बंदरांवर दिवाळीच्या मागेपुढे उतरते. आपली तूर डिसेंबर-जानेवारीत येते. म्हणजे आपल्या तुरीच्या तोंडावर बाजारात माल भरलेला असतो. १५ मे २०२१ पासून तूर आयात मुक्त झाली आणि ती मुदत एकेका अधिसूचनेने वाढत गेली. आयात करूच नका असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे डाळ घ्यायला येणारी गिरणी कामगाराची बायकोही गरीबच आहे. परंतु पुढच्या हंगामात आयात मुक्त राहणार की नाही, हे मृग निघण्याच्या आधी जाहीर करणे सरकारला अशक्य नाही. शेतकऱ्याला ते कळले तर तो तूर की सोयाबीन हे स्वतः ठरवेल.

कापसाचेही तेच झाले. फेब्रुवारी २०२१ पासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के आयात शुल्क लावण्याचे ठरवल्यावर कापड उद्योगाला दिलासा म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झाले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. आपल्याकडची पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. तिरुपूरच्या शिलाई कामगाराची नोकरी वाचावी हे मलाही वाटते, परंतु त्याची किंमत परभणी-जालन्याच्या कापूस उत्पादकाने द्यायची असेल तर ती मोजून त्याची भरपाई त्याच आदेशात लिहिलेली असावी.

दुधनाकाठ (परभणी)

मी शिक्षिका आहे. शेतीतले मला फारसे कळत नाही, पण परराष्ट्र धोरण आमच्या घरात एका शिक्क्याच्या रूपाने आले, म्हणून लिहिते.

माझा मावसभाऊ गवंडी काम करतो. तो नववीनंतर शाळेत गेला नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पारपत्रावर ‘ई.सी.आर.’ (उत्प्रवास, म्हणजे कामासाठी परदेशी जाणे, त्याची तपासणी आवश्यक) अशी नोंद होते, आणि सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवास संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. हेतू चांगला आहे. मंजुरी घेऊन जाणाऱ्याचा करार तपासला जातो, त्याला २७५ रुपयांत दोन वर्षांचा १० लाखांचा विमा मिळतो, आणि नोंदणीकृत एजंटाने ३० हजार रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर यापेक्षा जास्त शुल्क घेऊ नये असे बंधन असते.

माझ्या भावाला यातले काहीच मिळाले नाही. गावात येणारा माणूस नोंदणीकृत एजंट नव्हता. तो मुंबईतल्या कोणाचा तरी हस्तक होता. त्याने १ लाख ४० हजार रुपये घेतले, पावती दिली नाही, आणि भावाला पर्यटक व्हिसावर पाठवले, कारण पर्यटक म्हणून जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. तिथे मुकादमाने पारपत्र काढून घेतले. चार महिन्यांचा पगार बुडाला. अकरा महिन्यांनी दूतावासाच्या कल्याण निधीतून तिकीट मिळून तो परत आला, आणि त्या अधिकाऱ्यांनी त्याच्याशी माणुसकीने वागल्याचे तो आजही सांगतो. परंतु परत आल्यावर एजंटाविरुद्ध तक्रार घेताना प्रत्येक ठिकाणी पावती मागितली गेली, आणि ती नव्हती.

धागालेखकांनी विचारले आहे की कायद्याचा आधार होता का. आधार होता, पण तो परभणीपर्यंत पोहोचत नव्हता. उत्प्रवास संरक्षकाचे कार्यालय महाराष्ट्रात फक्त मुंबईत आहे. मराठवाड्यात एकही नाही. तक्रारीसाठी २०१५ पासून ‘मदद’ नावाचे संकेतस्थळ आहे, पण ज्याला दहावीपर्यंत शिकता आले नाही म्हणून आपण विशेष संरक्षण देतो, त्यानेच परदेशात बसून इंग्रजी-हिंदीत अर्ज भरावा अशी आपली अपेक्षा असते.

आणखी एक बाब मला सतत टोचते. ३० वर्षांखालील ज्या बाईच्या पारपत्रावर ही नोंद आहे, तिला या देशांत नोकरीसाठी मंजुरीच मिळत नाही. घरकामाला गेलेल्या स्त्रियांचा तिथे छळ झाला म्हणून ही अट आली, हे मी जाणते. पण माझ्या वर्गातली जी मुलगी ऊसतोडीला आईबापांबरोबर जावे लागले म्हणून दहावीला बसू शकली नाही, तिच्यावर शिक्षणाचा अभाव आणि परदेशातली बंदी असे दोन्ही भार एकदम पडतात. यजमान देशाशी घरकामगारांच्या हक्कांचा पक्का करार करून घेणे अवघड, म्हणून आपल्याच मुलीला घरी बसवणे सोपे झाले आहे.

श्राव्यवाचक (छत्रपती संभाजीनगर)

इथे आतापर्यंत तक्रारी आल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. मी एका यशाची नोंद करतो, कारण त्याचा लाभ मी रोज घेतो.

मी जन्मतः दृष्टिहीन आहे. माझ्या पदवीच्या काळात पाठ्यपुस्तक वाचून दाखवायला कोणीतरी मिळणे हाच माझा अभ्यास होता. जून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानुसार दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकाची ब्रेल, श्राव्य किंवा डिजिटल प्रत तयार करणे आणि ती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवणे, यासाठी स्वामित्वहक्कधारकाची परवानगी लागत नाही. हा करार मान्य करणारा जगातला पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आणि २० देशांची मान्यता पूर्ण झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ रोजी तो अमलात आला. त्या वाटाघाटींत अनेक श्रीमंत देशांचे प्रकाशक विरोधात होते, आणि भारताच्या प्रतिनिधींनी दृष्टिहीनांच्या बाजूने ठाम भूमिका घेतली.

ती घेता आली याचे कारण असे की २०१२ मध्येच आपल्या संसदेने स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून देशात ही सवलत दिली होती, आणि त्या दुरुस्तीसाठी अपंगांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. म्हणजे आधी चळवळ, मग देशातला कायदा, मग त्या कायद्याच्या बळावर परदेशातली भूमिका, असा क्रम होता. अपंगांच्या हक्कांच्या करारात तो उलटा चालला: भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि त्याला अनुसरून २०१६ चा कायदा आला, ज्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि सरकारी नोकरीतले आरक्षण ३ वरून ४ टक्के झाले. सरकारे बदलली तरी हे टिकले आहे. कोरडवाहू यांनी जायकवाडीविषयी जे लिहिले, त्याला हे माझे अनुमोदन समजावे.

निवृत्त_अध्यापक (अंबाजोगाई)

ज्या गावात स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी शाळेत काम केले, त्या गावात मी राज्यशास्त्र शिकवले. त्यामुळे या चर्चेत दोन गोष्टी मला जोडाव्याशा वाटतात, आणि एका गोष्टीबद्दल सावध करावेसे वाटते.

पहिली गोष्ट अशी की मराठवाडा स्वतः एकदा आंतरराष्ट्रीय प्रश्न होता. ऑगस्ट १९४८ मध्ये निजामाच्या सरकारने हैदराबादचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेला आणि १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तो परिषदेसमोर आला. दुसऱ्या दिवशी निजामाच्या फौजा शरण आल्या. परिषदेत वाद संस्थानाच्या दर्जाचा होता. त्या संस्थानात राहणारा कूळ शेतकरी, वेठबिगार किंवा अस्पृश्य समाजातला माणूस तिथल्या कोणत्याही बाजूच्या निवेदनात केंद्रस्थानी नव्हता. राज्यांमधल्या व्यवहारात माणूस सहज दिसेनासा होतो, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉय यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, कारण भारतातल्या अस्पृश्यांसाठी तसाच मार्ग घ्यावा का, याचा ते विचार करत होते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू संहिता विधेयकाचे कारण सर्वांना माहीत असते. परंतु राजीनाम्याच्या निवेदनात परराष्ट्र धोरणाविषयीची नाराजीही स्पष्ट शब्दांत आहे. देशाच्या ३५० कोटींच्या महसुलापैकी १८० कोटी सैन्यावर खर्च होतात आणि हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा थेट परिणाम आहे, असे त्यांनी मांडले होते. परराष्ट्र धोरणाची किंमत देशातल्या गरिबाच्या हिशेबात मोजावी, हा विचार आपल्याला वॉशिंग्टनहून आणण्याची गरज नाही.

आता सावधगिरी. समन्यायाच्या नावाने दुसऱ्या देशाला उपदेश करण्याची सवय बलवान राष्ट्रांना लवकर लागते. २००१ मध्ये दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली, तेव्हा जातिभेदाचा विषय तिथे यावा यासाठी दलित संघटनांनी मोठी मोहीम केली आणि आपल्या सरकारने तो आणू दिला नाही. जात म्हणजे वंश नव्हे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका होती. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जन्माधिष्ठित भेदभावात जातीचा समावेश होतो असे स्पष्ट केले. मी त्या वेळी वर्गात सरकारची बाजू घेतली होती. बाहेरच्यांनी आपल्या घरात डोकावू नये, असे मला मनापासून वाटत होते. माझ्याच एका विद्यार्थ्याने उठून विचारले की, सर, दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद हा त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे असे भारत १९४६ मध्ये का म्हणाला नाही? भारताने तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता, हे मीच त्यांना शिकवले होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आज मी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने आहे.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर, सध्या परदेशी)

सर, आपण हे इतक्या मोकळेपणाने लिहिले, याबद्दल आभार.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयात माझे आजोबा शिकले, वडील शिकले आणि मीही शिकलो. सध्या मी केंद्राच्या राष्ट्रीय समुद्रपार शिष्यवृत्तीवर परदेशात संशोधन करतो आहे. ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे. वर्षाला १२५ जागा असतात आणि त्यांतल्या बहुतेक अनुसूचित जातींसाठी आहेत. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेबांचा जो प्रवास झाला, त्याचीच ही वाट आहे असे मी मानतो, आणि त्यामुळे या योजनेविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

२०२२ मध्ये या योजनेच्या नियमांत एक अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाता येणार नाही, कारण त्यांची साधने भारतातच आहेत, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. मला मराठवाड्यातल्या गायरान जमिनींच्या हक्कांवर काम करायचे होते. विषय बदलावा लागला. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. आजच्या नियमात तो विषय बसला नसता. परदेशातल्या विद्यापीठांत भारताविषयी लिहिणारे, शिकवणारे आणि भारताची प्रतिमा घडवणारे लोक कोण असावेत, हा परराष्ट्र धोरणाचाच प्रश्न आहे. त्यातून आमचीच मुले वगळली गेली, तर आमच्याविषयी दुसरेच कोणी बोलत राहतील.

बालाघाट (बीड)

दुधनाकाठ ताईंनी ऊसतोडीचा उल्लेख केला, म्हणून त्याला जोडून लिहितो. मी माझ्या आईवडिलांबरोबर सात हंगाम कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, राहिलो आहे.

साखरेच्या अनुदानाविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तंटा निवारण मंडळाचा अहवाल भारताच्या विरोधात गेला आणि भारताने त्यावर अपील केले. या सगळ्या वादात उसाचा रास्त व किफायतशीर दर हा मुख्य मुद्दा होता, आणि आपल्या सरकारने ऊस उत्पादक शेतकऱ्याची बाजू मांडली. ती मांडायलाच हवी होती. परंतु जिनिव्हात भारतीय साखरेवर इतकी वर्षे वाद चालू असताना, तो ऊस ज्या हातांनी तोडला त्यांचे अस्तित्व त्या वादात नव्हते. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची राज्य शासनाच्या समितीने २०१९ मध्ये पाहणी केली, तेव्हा १३ हजार ८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. एक दिवस काम बुडाले की मुकादम खाडा धरतो, अंगावर उचल असते, आणि पाळीचा त्रास परवडत नाही, म्हणून ही वेळ येते.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या मालाला बंदी घालणारा नियम केला आहे. अशा नियमांना आपल्याकडे आडपडद्याने लावलेली व्यापारबंदी म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण मला भीती वेगळी वाटते. बाहेरच्या खरेदीदाराला दाखवण्यासाठी कारखान्याच्या दारात फलक लागतील, कागदावर हजेरीपट नीट होतील आणि कोपीवर काहीही बदलणार नाही. त्यापेक्षा आपल्या सरकारने व्यापार करार करताना स्वतःच ऊसतोड कामगाराला कामगार म्हणून मान्यता, उचलीच्या व्यवहाराची नोंद आणि कोपीवर दवाखाना या गोष्टी कायद्याने द्याव्यात. मग बाहेरच्याने बोट दाखवण्याचा प्रश्नच राहणार नाही.

कोरडवाहू (लातूर)

सर्वांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. मोंढा_जुना यांच्यामुळे मलावीतला शेतकरी पहिल्यांदा माझ्या डोळ्यासमोर आला, हे प्रांजळपणे सांगतो. माझ्या मूळ लेखनात तो नव्हता.

अध्यापक सरांना एक विचारायचे आहे. आपल्या राज्यघटनेत करार करणे हा केंद्राचा विषय आहे, आणि २५३ व्या अनुच्छेदाने कराराच्या अंमलबजावणीसाठी राज्यसूचीतल्या विषयावरही संसद कायदा करू शकते. शेती राज्यसूचीत असूनही शेतमालाच्या करारात राज्याचे मत घेण्याचे बंधन नाही, आणि करारावर सही करण्यापूर्वी तो संसदेपुढे ठेवण्याचेही नाही. असे असताना कराराचा कोणावर काय परिणाम होईल हे आधी कागदावर मांडणारे ‘समन्याय परिणाम टिपण’ बंधनकारक करायचे तर ते कोणत्या मार्गाने करता येईल?

निवृत्त_अध्यापक (अंबाजोगाई)

त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. करार करण्याचा अधिकार ७३ व्या अनुच्छेदाखाली कार्यकारी मंडळ वापरते, पण तो अधिकार संसदेच्या कायद्याच्या अधीन आहे. म्हणजे करार कसे करावेत याची कार्यपद्धती संसद साध्या कायद्याने ठरवू शकते, आणि त्यात अशा टिपणाची अट घालू शकते. तोपर्यंत परराष्ट्र व्यवहारविषयक आणि वाणिज्यविषयक अशा दोन्ही संसदीय स्थायी समित्या नागरिकांची निवेदने स्वीकारतात. मराठवाड्यातून त्यांच्याकडे तुरीच्या आयातीवर किंवा गवंड्यांच्या पारपत्रावर किती निवेदने गेली असतील, याचा विचार आपणच करावा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २०२१ मध्ये मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता. तो मराठीत नव्हता.

मोंढा_जुना (लातूर)

तुरीच्या आयातीचे वेळापत्रक मृगाच्या आधी जाहीर करावे, एवढ्या एकाच मागणीचे निवेदन मी तयार करतो. मोंढ्यातल्या हमाल आणि मापाड्यांच्या संघटनेची सही मिळेल. त्यांचीही मजुरी आवकेवरच असते. कोरडवाहू दादा, २०१७ ची आपली मोंढ्यातली विक्रीची पट्टी अजून घरात असेल तर तिची छायाप्रत जोडता येईल का?

कोरडवाहू (लातूर)

पट्टी आहे. वडिलांनी पेटीत ठेवली आहे.

दुधनाकाठ (परभणी)

मी एक पानाचा मराठी मजकूर तयार केला आहे: नोंदणीकृत एजंट कसा ओळखावा, शुल्काची मर्यादा किती, पावती का घ्यावी, २७५ रुपयांचा विमा कोणता आणि पर्यटक व्हिसावर कामाला का जाऊ नये. परभणी बसस्थानकावर आणि आमच्या केंद्रातल्या सर्व जिल्हा परिषद शाळांत तो लावण्याची परवानगी मागितली आहे. एका ठिकाणी अडले आहे. ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असे लिहिले तर माझ्या भावालाच ते कळले नाही. तिथे काय लिहावे?

बालाघाट (बीड)

ताई, आमच्याकडे बाहेरदेशी जाणारे सगळे ‘ई.सी.आर.चा शिक्का’ म्हणतात. तेच लिहा, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहा की हा शिक्का असेल तर कामाच्या व्हिसाशिवाय आणि मंजुरीशिवाय विमानात बसू नका. मजकूर मला पाठवावा. दिवाळीनंतर तांडे निघण्यापूर्वी धारूर, वडवणी आणि केजमध्ये मी तो लावतो.